जहाजावर धोतर चालतं का?

आधीच सांगून टाकतो, हा लेख रागात लिहिलाय. राग नक्की कोणावर आहे हे मलाही सुरुवातीला माहीत नव्हतं. लिहितालिहिता कळलं. तेव्हा शेवटपर्यंत वाचा, मधेच उठून मला 'संस्कृतीरक्षक' वगैरे म्हणू नका.

तर झालं असं. गेल्या फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन आम्ही मुंबईहून सुटणाऱ्या एका क्रूझ जहाजावर गेलो. मी, बायको, मुलगी आणि ते दोघं. बाबा 72 वर्षांचे. सगळा जन्म वरवट बकालमध्ये गेला. संग्रामपूर तालुका, बुलडाणा जिल्हा, वर सातपुडा, खाली पूर्णेचा खारपाणपट्टा. रेल्वे पाहायची तर शेगावला यायचं आणि समुद्र पाहायचा तर तिथून पुढे साडेपाचशे किलोमीटर. बाबांनी समुद्र याआधी एकदाच पाहिला होता, तोही दादर चौपाटीवरून, माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी. 'ह्याच्यावर मानसं जातात कशी?' असं तेव्हा त्यांनी विचारलं होतं. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा न्यायचंच.

बुकिंग झालं आणि एजंटची यादी आली. 'जहाजावर काय घालावे'. संध्याकाळी जेवायला स्मार्ट कॅज्युअल. जेवणाच्या हॉलमध्ये बनियन, पोहण्याचे कपडे, अनवाणी पाय चालणार नाहीत. तलावात उतरताना फक्त नायलॉनचे कपडे. एक रात्र फॉर्मल. इथपर्यंत ठीक. आणि शेवटचा मुद्दा: 'ज्येष्ठ पुरुष प्रवाशांनी शक्यतो धोतर, लुंगी, पायजमा टाळावा.'

मी ही यादी गावी फोनवर बाबांना वाचून दाखवली. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"स्मार्ट क्याजुअल म्हंजे काय व्हय बाप्पा?"

मी सांगितलं, पँट आणि कॉलरचा शर्ट.

"लग्नात धोतर नेसलो. तुह्या नोकरीच्या वक्ती पुन्याले आलो तं धोतरातच आलो. आता पान्यात जाऊन पत्लून घालू काय?"

आता इथे मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला कळतंय. मलाही आज कळतंय. पण तेव्हा मी खामगावहून दोन पँटी शिवून घ्यायला लावल्या. 'बाबा, तीनच रात्रींचा प्रश्न आहे, तिथले नियम असतात.' बाबा पुढे काही बोलले नाहीत. आमच्याकडे बाप गप्प बसला की पोरगं त्याला होकार समजतं. सोयीचं असतं ते.

पहिल्या संध्याकाळी बाबा पँट घालून जेवायला आले. माझ्या बापाला मी शेतात पाहिलंय, बाजार समितीत व्यापाऱ्याशी भांडताना पाहिलंय, पोलीस पाटलासमोर पाहिलंय. पण इतका अवघडलेला कधीच पाहिला नव्हता. एक हात सारखा पट्ट्यावर. खुर्चीत कडेला टेकून बसलेले, परीक्षेला आलेल्या पोरासारखे. अर्धी पोळी खाल्ली, म्हणाले भूक नाही, आणि खोलीत निघून गेले. ज्या समुद्रासाठी त्यांना आणलं होतं तो बाहेर अंधारात तसाच राहिला.

रात्री मला झोप आली नाही. खोलीत जहाजाची पुस्तिका होती, ती वाचत बसलो. (सवयच आहे. बग आला की मूळ डॉक्युमेंट वाचायचं, ही गोष्ट मी ज्युनिअर पोरांना रोज सांगतो. स्वतः मात्र वाचलं नव्हतं.) आणि त्या पुस्तिकेत धोतराबद्दल एक अक्षर नव्हतं! उलट फॉर्मल रात्रीच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, भारतीय पारंपरिक पोशाख चालेल. म्हणजे 'टाळावा'वाला मुद्दा जहाजाचा नव्हताच. तो एजंटनं आपल्या पदरचा घातलेला. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली अट मधल्यानं टाकली आणि मी टेस्ट न करता ती थेट बापावर लागू केली.

आता एजंटला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण खरं सांगू? त्याचा तो मुद्दा मला वाचताक्षणी पटला होता. मी शहानिशा केली नाही, कारण मला करायची नव्हती. वातानुकूलित हॉलमध्ये, आपल्यासारखेच आयटीवाले, बँकवाले, त्यांची इंग्रजी बोलणारी पोरं, आणि त्यात माझा बाप धोतर-टोपीत. ते चित्र मला नको होतं. नियम हे निमित्त.

म्हणून माझं म्हणणं असं आहे मंडळी, की जहाजावर काय घालावं या प्रश्नावर जितका सल्ला दिला जातो त्यातला निम्मा सल्ला कपड्यांबद्दल नसतोच. तो लाजेबद्दल असतो. आणि ही लाज गोऱ्यांनी लादलेली वगैरे काही नाही, ती आपणच घडी घालून बॅगेत भरून नेतो.

उदाहरण देतो, थोर माणसाचं. 4 सप्टेंबर 1888 रोजी मोहनदास गांधी नावाचा 18 वर्षांचा मुलगा मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं विलायतेला निघाला. मित्रांनी सल्ला देऊन कपडे करून दिलेले. बोटीवर काळा सूट घालायचा आणि उतरताना खास ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा. काट्याचमच्यानं कसं खायचं ते येईना, कशात मांस आहे हे विचारायची लाज, म्हणून गडी जेवणाच्या टेबलावर न जाता आपल्या केबिनमध्येच घरचा खाऊ खात राहिला. साउदॅम्प्टनला पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये उतरला, तर अख्ख्या धक्क्यावर तसे कपडे घातलेला तो एकटाच! थंडी सुरू झालेली. बाकीचं सामान एजंटच्या ताब्यात, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. सल्ला देणाऱ्या मित्रांपैकी कोणी साउदॅम्प्टन पाहिलं होतं का, हा प्रश्न मात्र मला पडतो.

तोच माणूस 43 वर्षांनी, 29 ऑगस्ट 1931 ला, पुन्हा मुंबईहूनच 'राजपुताना' जहाजानं गोलमेज परिषदेला निघाला. या वेळी अंगावर पंचा आणि शाल. त्याच वेशात नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम राजवाड्यात चहाला गेला. मधल्या 43 वर्षांत इंग्रजांचे नियम फारसे बदलले नव्हते. बदलला होता तो माणूस.

आता तुम्ही म्हणाल, गांधी झाले म्हणून चाललं, आपण कोण? ठीक आहे, मग आपल्या आनंदीबाई जोशी घ्या. 18 वर्षांच्या. 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या साडी नेसून. जायच्या आधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजात भर सभेत त्यांना लोकांच्या शंकांना उत्तरं द्यावी लागली होती. आपला पोशाख आणि आहार सोडणार नाही, हे त्यांनी तिथे सांगितलं. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीनं पायाच्या पोटऱ्या उघड्या पडू लागल्या तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी बदल केला, पण थंडीसाठी केला. बघणाऱ्यांसाठी नाही. 1885 चा त्यांचा तो प्रसिद्ध फोटो पाहा, जपानच्या आणि सीरियाच्या विद्यार्थिनींसोबतचा. तिघी आपापल्या देशाच्या वेशात, आणि तिघीही डॉक्टर होणार आहेत. त्यांच्या कपड्यांमुळे त्या फोटोत काही कमी दिसतंय का, सांगा.

थंडीसाठी बदल आणि नजरेसाठी बदल, हा फरक पकडला की यादी फार छोटी होते. जहाजावर खरोखर पाळायच्या गोष्टी आहेत, आणि त्या मी नाकारत नाही. डेक ओला असतो, तेव्हा पायात घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल किंवा बूट हवा. जिने उभे असतात, उंच टाचा घालून मिरवायचं असेल तर कठडा धरून. वर वारा इतका असतो की ओढणी, दुपट्टा, टोपी काहीही जागेवर राहत नाही. आणि आत एसी इतका की फेब्रुवारीतही मुंबईकर कुडकुडतो, शाल किंवा स्वेटर ठेवाच. सुरुवातीला सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेटची कवायत होते, तेव्हा ज्यात हातपाय मोकळे हलतील ते घाला. तलावात सुती कपड्यांचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रणेत जातात, म्हणून नायलॉन. वेस्ट इंडीजकडे जाणार असाल तर लष्करी ठिपक्यांचे कपडे घेऊ नका. बार्बाडोस, जमैका अशा देशांत सामान्य माणसानं ते घालायला कायद्यानं बंदी आहे, पोरांनीसुद्धा. या प्रत्येक नियमामागे काही ना काही कारण आहे. 'धोतर टाळावा'मागे काय कारण आहे? धोतर तर दोन पायांत विभागलेलं, मागे कासोटा खोवलेलं वस्त्र. माझा बाप त्यावर बैलगाडीत चढतो, विहिरीत उतरतो. जिना म्हणजे काय मोठंसं? आपल्या कोळणी नऊवारी नेसून होडीत चढत-उतरत आल्या, त्यांना कुठल्या एजंटनं यादी दिली होती? आणि याच मुंबई-गोवा मार्गावर 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' अशा बोटी चालायच्या तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून निम्मी बोट धोतर-लुगड्यांनीच भरायची. तेव्हा तिला कोणी क्रूझ म्हणत नव्हतं, एवढाच फरक.

यावर नेहमीचा युक्तिवाद म्हणजे 'देश तैसा वेश'. ज्याचं घर त्याचे नियम. मान्य. एखाद्या संध्याकाळी सगळ्यांनी नटून यायचं ठरलं तर त्यात गंमत आहे, मी काही तिथे हाफ पँट घालून क्रांती करणार नाही. पण 'नटून या' हा एक नियम झाला आणि 'तुझं नटणं हे नटणंच नाही' हा दुसरा. क्युनार्डसारख्या जुन्या, कडक कंपन्यांच्या जहाजांवरही गाला संध्याकाळी डिनर जॅकेटच्या जोडीला राष्ट्रीय पोशाख चालतो. उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2000 साली ही सक्तीच काढून टाकली. आणि ज्या डिनर जॅकेटचा एवढा दरारा, त्याचं अमेरिकन नाव 'टक्सेडो' हे न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कमुळे पडलं, 1886 च्या सुमारास. तेव्हा ते लांब शेपटीच्या कोटापुढे ढिलं, घरगुती मानलं जायचं. म्हणजे आजचा फॉर्मल हा कालचा कॅज्युअल. अशा गोष्टीसाठी बापाचा अर्धा जेवणाचा वेळ वाया घालवला मी.

आणि 'तू उगाच बाऊ करतोस, असं कुठे कोणी अडवतं' असं म्हणणाऱ्यांसाठी: 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबात एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून आत घेतलं नाही. जुलै 2014 मध्ये चेन्नईत क्रिकेट संघटनेच्या क्लबात मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी नेसले म्हणून दारातून परत जावं लागलं. न्यायमूर्तींना! त्यावर तामिळनाडूनं ऑगस्ट 2014 मध्ये कायदाच केला, की सार्वजनिक ठिकाणी वेष्टीवाल्याला अडवणं हा गुन्हा. आपल्याकडे असा कायदा नाही. कारण आपल्याकडे अडवायची वेळच येत नाही. पोरंच बापाला घरून पँट घालून आणतात.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना सांगितलं, धोतर चालतं, माझी चूक झाली. ते "बरं" म्हणाले आणि दहा मिनिटांत धोतर, सदरा, टोपी घालून तयार. पँट घडी करून बॅगेच्या तळाशी. त्या दिवशी ते डेकवर कठड्याला धरून तीन तास उभे होते. संध्याकाळी हॉलच्या दारात कोणी काही विचारलं नाही. वाढणाऱ्या पोरानं नमस्कार केला, एवढंच. हो, एका बाईंनी 'किती क्यूट' म्हणत त्यांच्यासोबत फोटो मागितला. बाबांनी दिला. नंतर मला विचारलं, "कायले पाह्यजे त्यायले माहा फोटो?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोणी नाक मुरडणं आणि कोणी 'क्यूट' म्हणणं, दोन्हींत धोतर नेसणारा माणूस साधा माणूस राहत नाही, एवढंच मला तेव्हा जाणवलं.

इथे लेख संपायला हवा होता. बाप जिंकला, पोरगं शहाणं झालं, टाळ्या. मी त्या रात्री बायकोला हे सगळं असंच ऐकवत होतो. गांधी, आनंदीबाई, लाज बॅगेत भरणं, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काल बाबांना पँटमध्ये बसवल्यावर तुला जसं वाटलं ना, तसं मला दर दिवाळीला शेगाव स्टेशनवर वाटतं."

मी गप्प.

कारण खरं आहे ते. 14 वर्षं झाली लग्नाला. दर दिवाळीला आम्ही रात्रीच्या गाडीनं निघतो. ती प्रवासात जीन्स-कुर्त्यात असते. शेगावला उतरलं की वेटिंग रूममध्ये जाऊन साडी नेसते, पदर घेते, मग आम्ही वरवटची गाडी पकडतो. 14 वर्षं मी बाहेर बॅगा सांभाळत उभा असतो आणि 'आवर लवकर, गाडी चुकेल' म्हणतो. तिलाही कोणी यादी दिली नव्हती. आईनं कधी 'जीन्स घालू नको' असं तोंडानं म्हटलेलं नाही. 'लोक काय म्हणतील' हा न लिहिलेला नियम मीच तिला पहिल्या वर्षी सांगितला, आणि तोही शहानिशा न करता. पुन्हा मधला एजंट मीच.

आता बघा, जहाजावर धोतर हवं म्हणून मी पाच परिच्छेद भांडलो. तेच तत्त्व वरवटच्या स्टँडवर लागू करायचं तर माझी जीभ अडखळते. एका टोकाला बापाचं धोतर गावंढळ, दुसऱ्या टोकाला बायकोची जीन्स आगाऊ. दोन्हीकडे मी तोच, आणि दोन्हीकडे कपडे बदलायला लावलेत ते दुसऱ्याला. मी स्वतः? तीच पँट, तोच शर्ट. ऑफिसात, जहाजावर, गावात, शेगावच्या रांगेत. मला कधीच कुठे काही बदलावं लागलेलं नाही. म्हणून तर मला हे नियम इतके किरकोळ वाटायचे.

2023 मध्ये आपल्या राज्यात बऱ्याच मंदिरांनी कपड्यांचे नियम लावले, तुळजापूरला फलक लागले आणि त्याच दिवशी काढावेही लागले. तेव्हा मी मित्रांमध्ये तावातावानं बोललो होतो, देवाला काय फरक पडतो म्हणून. बायको तेव्हाही तिथेच बसली होती. काही बोलली नव्हती. आज कळतंय का ते.

तेव्हा राग कोणावर, याचं उत्तर मिळालं. ज्याला नियमाचा त्रास नाही, तोच नियमाचा सगळ्यात कडक अंमलदार असतो. घराघरात असा एक असतो. बहुतेक वेळा तो कमावता पोरगा असतो, आणि त्याला वाटतं की तो सगळ्यांची 'सोय' बघतोय.

माझी यादी आता अशी आहे. घसरणार नाही असं पायताण. थंडी-वाऱ्याला पुरेल असं काहीतरी. जेवायला जाताना धुतलेलं. बाकी ज्याचं अंग त्याचा निर्णय. जहाजालाही लागू, वरवट बकाललाही.

परवा आईला फोनवर सांगितलं की या दिवाळीला सूनबाई साडी न बदलता, आहे त्याच कपड्यांत थेट घरी येईल.

"लोकं काय म्हनतीन?" आई म्हणाली. अपेक्षितच होतं.

"जहाजावर बाबांना लोक काय म्हणाले?"

आई थोडा वेळ बोललीच नाही. मागे बाबांच्या खोकण्याचा आवाज येत होता, ते ऐकत असणार.

"तुमी या तं खरं आधी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

याला मी या वेळी होकार समजलेलो नाही. दिवाळीला काय होतं ते कळेलच.